दहशत कोणाची, हद्द कोणाची?

जून २०१२ मध्ये सौदी अरेबियातून पाठवलेल्या एका माणसाला दिल्लीच्या विमानतळावर पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याच्याजवळचे पारपत्र पाकिस्तानचे होते आणि त्यावरचे नाव रियासत अली. माणूस मात्र आमच्या गेवराईचा निघाला. झबीउद्दीन अन्सारी हे त्याचे नाव. वर्तमानपत्रांनी अबू जुंदाल म्हणून ते घरोघर पोचवले. मे २००६ मध्ये मनमाडजवळ पोलिसांनी ३० किलो आरडीएक्स आणि १० एके-४७ बंदुका पकडल्या, तेव्हा तो निसटला होता. पुढे २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात पाकिस्तानातून सूचना देणाऱ्यांपैकी तो एक, असा आरोप त्याच्यावर आला. हल्लेखोरांशी बोलताना त्याने वापरलेला 'प्रशासन' हा शब्द तपासाला उपयोगी पडला, असे तेव्हा छापून आले होते. पारपत्र बदलता येते, नाव बदलता येते. शाळेत शिकलेला शब्द तोंडातून निघतोच.

त्याला इकडे आणण्यासाठी भारत, सौदी अरेबिया आणि अमेरिका या तीन सरकारांना एकत्र यावे लागले. तो आपलाच नागरिक आहे हे भारताला सिद्ध करावे लागले. त्यासाठी बीडकडच्या नातेवाइकांच्या डीएनएशी त्याचा डीएनए ताडून पाहिल्याच्या बातम्या आल्या. २०१६ च्या जुलैअखेरीस मुंबईच्या विशेष न्यायालयाने औरंगाबाद शस्त्रसाठा खटल्यात त्याच्यासह १२ जणांना दोषी ठरवले, ८ जणांना सोडले, आणि ऑगस्टमध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत डेव्हिड हेडलीने अमेरिकेच्या तुरुंगातून मुंबईच्या न्यायालयापुढे पडद्यावरून साक्ष दिली. एप्रिल २०२५ मध्ये तहव्वूर राणाला अमेरिकेने भारताच्या स्वाधीन केले.

हे सहकार्य झाले ते योग्यच झाले, असे मी मानतो. मुंबईत १६६ माणसे मारली गेली. त्यांतली पन्नासहून अधिक छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मेली. ताजमहाल हॉटेलवर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. टर्मिनसवर मेले ते बोचकी घेऊन लांबच्या गाडीची वाट पाहत बसलेले लोक. आपल्या वस्त्यांतून मुंबईला जाणारा माणूस त्याच फलाटावर उतरतो आणि तिथूनच परत फिरतो. म्हणून आपल्या काही कार्यकर्त्यांना 'दहशतवादविरोधी सहकार्य' हा शब्द ऐकताच हसू येते, ते मला पटत नाही. मरणाऱ्यांत आपण होतो.

माझा प्रश्न निराळा आहे. राज्ये एकमेकांच्या मदतीला धावतात ती कोणत्या दहशतीविरुद्ध? त्या दहशतीची व्याख्या कोणी केली? आणि त्या व्याख्येत आपल्याला फिर्यादी म्हणून कधी जागा मिळाली, की आपण तिथे संशयित म्हणूनच उभे आहोत?

चकलांब्यात बसून हा प्रश्न विचारणे अस्थानी नाही. आमचा गेवराई तालुका निजामाच्या राज्यात होता. पश्चिमेला शेवगाव-पाथर्डी लागले की इंग्रजांचा नगर जिल्हा. जुनी माणसे आमच्या बाजूला मोगलाई म्हणत आणि तिकडच्याला इंग्रजी मुलूख. मध्ये करोडगिरीचे नाके. दोन राज्यांच्या पोलिसांना एकमेकांची मदत कशी आणि कशासाठी लागते, हे सीमेवरच्या गावांना जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या आधी माहीत झाले होते.

याही मागे जायचे तर महाराच्या पायांपाशी जावे लागते. गावात चोरी झाली की चोराचा माग काढायचा तो वतनदार महार-रामोश्याने. पावलांचे ठसे बघत शिवेपर्यंत जायचे. माग शीव ओलांडून गेला की तो पुढच्या गावच्या माणसांच्या हवाली करायचा. माग जिथे हरवला, त्या गावावर चोरीची भरपाई. दोन गावांत शिवेचा तंटा झाला तर साक्ष महाराची. हद्दी ओलांडून गुन्हेगार धरण्याची ही आपल्याकडची जुनी रीत, आणि तिचा सगळा भार गावकुसाबाहेरच्या माणसावर होता. ज्याला गावाच्या शिवेचा एकेक दगड पाठ होता, त्याला त्या शिवेच्या आत घर बांधायची मुभा नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच राबणुकीविरुद्ध. आपल्याकडे वतनावर जे लिहिले गेले, त्यात बलुत्याची, मेल्या ढोराची, वेठबिगारीची चर्चा भरपूर आहे. महाराने पार पाडलेल्या या पोलिसी कामाची चर्चा त्या मानाने थोडी आहे.

इंग्रजांनी मागाच्या जागी दप्तर आणले. १८३० च्या दशकात विल्यम स्लीमनच्या हाताखाली ठगांविरुद्धची मोहीम चालली. ठग संस्थानांच्या हद्दीत पळत, म्हणून मोहीमही हद्दी न मानता चालली. निजामाचे राज्य तिच्यातून सुटले नाही. १८३६ साली कंपनी सरकारने जो कायदा केला तो आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक अभ्यासावा. एखादा माणूस ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. टोळी कंपनीच्या मुलखातली असो की बाहेरची, तो टोळीत कायद्याच्या आधी असो की नंतर. त्याने कोणता खून केला, कोठे, केव्हा, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. पुरावा मुख्यतः माफीच्या साक्षीदारांचा. ठग हे खून करीत, यात शंका नाही. पण या कायद्याने शिक्षेचे कारण बदलले. आधी कृत्याला शिक्षा होती, आता असण्याला शिक्षा झाली.

असण्याला शिक्षा! हे आपल्याला नवीन नाही. मनुस्मृतीत शिक्षा ठरते ती करणाऱ्याचा आणि भोगणाऱ्याचा वर्ण पाहून. इंग्रज विद्वान हिंदू धर्मशास्त्राच्या या विषमतेवर तोंडसुख घेत होते आणि त्याच काळात त्यांचे सरकार त्याच तत्त्वावर फौजदारी कायदा रचत होते. १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११ साली तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी रुंदावला, १९२४ साली पक्का झाला. या कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटे, बेरड अशा जातींमध्ये जन्मलेले मूल जन्मतःच दप्तरात गेले. हजेरी द्या, परवान्याशिवाय गाव सोडू नका, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात राहा. १८९७ साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी सुरू झाली. ती पद्धत उभी करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा. ती नावारूपाला आली एडवर्ड हेन्री या साहेबाच्या नावाने. चार वर्षांनी, १९०१ साली, लंडनच्या स्कॉटलंड यार्डने ती उचलली. पोलिसांच्या जागतिक सहकार्याचा हा पाया आपल्या देशात घातला गेला. सावकाराच्या कागदावर आमच्या आज्यांचा अंगठा उमटत होता, त्याच पिढीत दप्तरातही अंगठे गोळा होत होते.

निजाम आणि इंग्रज यांच्यात गुन्हेगार परस्परांच्या स्वाधीन करण्याचा तह १८६७ साली झाला. ठग आणि दरोडे यांच्यासाठी निघालेले खाते १९०४ मध्ये लॉर्ड कर्झनने मोडीत काढून त्याच्या जागी गुप्त वार्ता गोळा करणारे मध्यवर्ती खाते उभे केले. आता लक्ष्य दरोडेखोर राहिले नव्हते. बंगालचे, पंजाबचे, नाशिक-पुण्याचे क्रांतिकारक सरकारच्या डोळ्यांपुढे होते.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली. कान्हेरे औरंगाबादला शिकत होता, म्हणजे निजामाच्या राज्यातून तो इंग्रजी मुलखात आला होता. पिस्तुले लंडनहून आली होती. एका खुनाच्या तपासात तीन मुलूख गुंतले. मग विनायक दामोदर सावरकरांना लंडनमध्ये धरून बोटीने मुंबईला आणण्याचे ठरले. बोट फ्रान्सच्या मार्सेय बंदराला लागणार म्हणून लंडनच्या पोलिसप्रमुखांनी पॅरिसच्या पोलिसप्रमुखांना आगाऊ पत्र लिहून कळवले. ८ जुलै १९१० रोजी सावरकर बोटीतून निसटून किनाऱ्याला लागले, फ्रेंच शिपायाने त्यांना धरले आणि इंग्रजांच्या हाती दिले. फ्रान्सच्या भूमीवरून त्यांना असे नेता येते का, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने निकाल दिला. अटकेत अनियमितता झाली हे खरे, परंतु म्हणून ब्रिटनने कैदी परत केला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही, असा तो निकाल होता. सावरकरांच्या राजकारणाशी आपला उभा दावा आहे, तो असो. पण हा निकाल सर्वांनी वाचावा असा आहे. दोन सरकारांचे पोलीस आपसात बोलले की कायद्याने नंतर मान डोलावायची, हा पायंडा तिथे पडला.

त्याच मार्सेयमध्ये ९ ऑक्टोबर १९३४ रोजी युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर आणि फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री बार्थू मारले गेले. कटवाल्यांचे पुढारी इटलीत होते. इटलीच्या न्यायालयाने राजकीय गुन्हा म्हणून त्यांना स्वाधीन करायला नकार दिला. त्यावरून राष्ट्रसंघात खल सुरू झाला आणि १६ नोव्हेंबर १९३७ रोजी जिनिव्हाला दहशतवाद प्रतिबंधाचा करार तयार झाला. २४ राष्ट्रांनी सह्या केल्या. ब्रिटनने स्वतः सही केली नाही, हिंदुस्थानच्या नावाने मात्र सही झाली. पुढे करार रीतसर मंजूर करणारे सगळ्या जगात एकच राष्ट्र निघाले, ते म्हणजे हिंदुस्थान, १ जानेवारी १९४१ रोजी. करार कधी अमलात आलाच नाही.

इथे क्षणभर थांबायला हवे. ज्या देशाला स्वतःचे सरकार निवडण्याचा अधिकार नव्हता, तो देश जगातल्या पहिल्या दहशतवादविरोधी कराराचा एकमेव पालनकर्ता ठरला. दिल्लीच्या गोऱ्या सरकारला तो का हवा होता हे सांगायला नको. आणि त्या करारात दहशतवादाची जी व्याख्या होती, तिच्यातले दोन शब्द माझ्या मनातून जात नाहीत. दहशतवाद म्हणजे 'राज्याविरुद्ध' केलेली, लोकांच्या मनात दहशत बसवणारी गुन्हेगारी कृत्ये. दहशत लोकांच्या मनात बसली तरी अपराध व्हायचा तो राज्याचा. राज्याला धक्का न लावता, राज्याच्या पाटील-फौजदाराच्या डोळ्यांदेखत, गावातल्या बलदंडांनी दुबळ्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या बसवलेली दहशत या व्याख्येच्या बाहेर राहिली. १९२७ साली महाडला तळ्यावरून परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या होत्या. त्या जिनिव्हात कुणाच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते.

ही उणीव बाबासाहेबांना दिसत होती. १९४६ साली अमेरिकेतील निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांना कळले, तेव्हा त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या आणि हिंदुस्थानातील अस्पृश्यही तसे करण्याच्या विचारात आहेत असे कळवले. डुबॉइस यांचे उत्तर जुलैअखेरीस आले. दोन बहिष्कृत समाजांमधला हा पत्रव्यवहार मला हेगच्या निकालाहून मोलाचा वाटतो. राज्या-राज्यांचे सहकार्य शंभर वर्षे चालू होते; इथे राज्य नसलेल्यांनी एकमेकांना हात दिला होता.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली. दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे एवढेच की हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, यात जगाने पडू नये. भारताने ते खोडून काढले आणि ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने भारताच्या बाजूने ठराव केला. वर्णभेद ही कोणत्याही देशाची खासगी बाब असू शकत नाही, हे जगाच्या गळी उतरवणाऱ्यांत आपला देश पुढे होता. हे ध्यानात ठेवावे. पुढे लागणार आहे.

दोन वर्षांनी आमचाच मुलूख त्या दारात गेला. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामाने हात टेकले. भारताची भूमिका आता अशी होती की हैदराबाद हा अंतर्गत प्रश्न आहे. रझाकारांनी मराठवाड्यात काय केले याच्या आठवणी अजून घराघरांत आहेत, ती दहशत खरी होती. पण दहशत तिथे संपली नाही. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या, त्यांची चौकशी नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली. सर्वाधिक झळ बसलेल्या आठ जिल्ह्यांत तिने बीडही धरला. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. आणि दलितांचे काय? बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच हैदराबादच्या अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका असे जाहीर बजावले होते. तरीही कारवाईनंतर मराठवाड्यातल्या अनेक गावांत 'रझाकारांचे साथीदार' म्हणून दलितांना बडवले गेले, कसायला घेतलेल्या गायरानांतून हुसकले गेले. काही दलित पुढारी निजामाच्या कच्छपी लागले होते हे खरे. पण गावोगावच्या महार-मांगांना मार बसला तो त्या पुढाऱ्यांमुळे की गायरानांमुळे, हे गावाला ठाऊक होते.

याच १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हिशेब मांडला आहे. गुन्हेगार जमाती सुमारे २ कोटी, आदिवासी दीड कोटी, अस्पृश्य ५ कोटी. एवढ्या माणसांना गुन्ह्यावर जगायला, रानात राहायला, विटाळ म्हणून दूर राहायला लावणारी ही कसली संस्कृती, असा त्यांचा सवाल होता. दप्तराने 'गुन्हेगार' ठरवलेल्यांना त्यांनी आपल्याच रांगेत उभे केले, हे महत्त्वाचे आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. लोक विमुक्त झाले; फौजदाराच्या डोक्यातले दप्तर फाटायला मात्र उशीर आहे. आमच्या भागात चोरी झाली की जीप प्रथम कोणत्या पालाकडे वळते, हे शेंबड्या पोरालाही सांगता येते.

दप्तराचे हे लोण आता पत्त्यापर्यंत आले आहे. २०१२ च्या पावसाळ्यात मी एका सहकारी शिक्षकाबरोबर शाळेच्या कामासाठी मुंबईला गेलो होतो. लॉजच्या वहीत मी पत्ता लिहिला : मु. पो. चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड. व्यवस्थापकाने 'गेवराई' या शब्दावर बोट ठेवले, माझ्या सोबत्याचे मुसलमानी नाव वाचले आणि खोली रिकामी नसल्याचे सांगितले. बाहेर आल्यावर सहकारी म्हणाले, "सर, माझ्यामुळं तुम्हालाही पावसात उभं राहावं लागलं." मी म्हणालो, "गुरुजी, माझं आडनाव वाचून मी याआधी दोनदा उभा राहिलोय." आम्ही दोघेही हसलो, आणि स्टेशनवर रात्र काढली. टर्मिनसवरच काढली.

आता २००१ सालाकडे येतो, कारण सगळे धागे तिथे एकत्र येतात. ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २००१ या दिवसांत दक्षिण आफ्रिकेत दर्बानला वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. देशभरातून दलित प्रतिनिधी तिथे गेले. त्यांची मागणी एवढीच होती की जन्मावरून होणाऱ्या भेदभावाचा उल्लेख जाहीरनाम्यात यावा. भारत सरकारने विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे आणि जात हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, हे त्याचे म्हणणे. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेचे गोरे सरकार जे बोलले, ते दक्षिण आफ्रिकेच्याच भूमीवर भारत सरकार बोलले! अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही.

परिषद संपली आणि तिसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. २८ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने १३७३ क्रमांकाचा ठराव एकमताने केला. दहशतवाद्यांचा पैसा गोठवा, त्यांना आसरा देऊ नका, माहिती द्या-घ्या, कायदे कडक करा, असे जगातल्या प्रत्येक राष्ट्रावर बंधन आले. दहशतवाद म्हणजे काय हे ठरावात कुठेही सांगितलेले नाही. भारताने १९९६ साली मांडलेला सर्वंकष कराराचा मसुदा व्याख्येच्याच वादात अडकून पडला होता. ठरावाने व्याख्येविना काम चालवले. भारताने त्याचे स्वागत केले आणि २००२ च्या मार्चमध्ये पोटा कायदा आणला. दहशत ही आंतरराष्ट्रीय आणि जात ही अंतर्गत, ही वाटणी एका महिन्यात पुरी झाली.

ही वाटणी गावपातळीवर कशी दिसते? मे २००६ मध्ये औरंगाबादचा शस्त्रसाठा सापडला. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना जमावाने ठार केले. पहिल्या खटल्याला संघटित गुन्हेगारीचा विशेष कायदा लागला. दुसऱ्यात न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायदादेखील लावला नाही; सहा जणांची फाशी उच्च न्यायालयाने २०१० मध्ये २५ वर्षांच्या जन्मठेपेत बदलली. खैरलांजीनंतर लोक रस्त्यावर उतरले तेव्हा सरकारी गोटातून काय ऐकू आले? या निदर्शनांमागे नक्षलवादी असावेत! मेलेले आपण, आणि दहशतीचा संशयही आपल्यावर. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना मारले गेले. त्याला दंगल म्हटले गेले. दंगल म्हणजे दोन्ही बाजू लढतात ती. वस्ती पेटवणारे हजार आणि रानात पळणारे शंभर, ही दंगल कशी?

बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे, म्हणजे युएपीएचे, पंधरावे कलम आपल्या अभ्यासवर्गात एकदा वाचा. देशाच्या एकात्मतेला धोका पोचवण्याच्या हेतूने, किंवा लोकांमध्ये अथवा लोकांच्या 'कोणत्याही विभागामध्ये' दहशत बसवण्याच्या हेतूने, स्फोटके, ज्वालाग्राही पदार्थ, प्राणघातक शस्त्रे वापरून माणसे मारणे, मालमत्ता नष्ट करणे, हे दहशतवादी कृत्य. लोकांचा एक विभाग. ज्वालाग्राही पदार्थ. १९३७ च्या 'राज्याविरुद्ध' पेक्षा ही शब्दरचना रुंद आहे. पण ती वाचताना कोणत्याही अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे रॉकेलचा डबा आणि जळती झोपडी येत नाही. मी आपल्या वस्त्यांसाठी हा कायदा मागत नाही. जामीन मिळू न देणारा, माणसाला खटल्याविना वर्षानुवर्षे डांबणारा कायदा १८३६ च्या ठग कायद्याचा वंशज आहे आणि तो कुणावरही नको. अत्याचाराचा १९८९ चा कायदा नेकीने राबवला तर पुरेसा आहे.

या वंशजाचा अनुभव आपल्याला भीमा-कोरेगावनंतर आला. १ जानेवारी २०१८ ला विजयस्तंभाकडे निघालेल्या लोकांवर हल्ले झाले, आणि वर्षाच्या मध्यापासून युएपीएखाली धरले गेले ते कवी, वकील, प्राध्यापक, संपादक. त्यांत सुधीर ढवळे होते. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, स्वतःला स्वाधीन करावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला, आणि दहशतवादी कृत्यात त्यांचा सहभाग प्रथमदर्शनी दिसत नाही असे नमूद केले. अडीच वर्षे गेली ती गेली. ढवळे सुटले ते जानेवारी २०२५ मध्ये.

म्हणून मी जुंदालच्या खटल्याकडे परत वळतो. तिथे राज्यांचे सहकार्य सार्थ झाले, कारण मुळाशी कृत्य होते. बंदुका होत्या, आरडीएक्स होते, आवाज होता, कोर्टात उलटतपासणी होती, आणि पुरावा न टिकलेले ८ जण सुटलेही. ठगांच्या कायद्यात, गुन्हेगार जमातींच्या दप्तरात, 'रझाकारांच्या साथीदारां'त मुळाशी कृत्य नव्हते, माणसांचा वर्ग होता. एकविसाव्या शतकातली राज्ये या दोन रीती एकाच शब्दाखाली वापरतात. २०१९ च्या दुरुस्तीने तर खटला न चालवता एखाद्या व्यक्तीला दहशतवादी म्हणून यादीत घालण्याचा अधिकार सरकारला दिला. यादी आली की हजेरी फार दूर नसते.

दर्बानमध्ये दार बंद झाले तरी एक खिडकी उघडली होती, तिची दखल आपल्याकडे फारशी घेतली गेली नाही. वंशभेद निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९६८ सालीच मान्यता दिली आहे. त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने ऑगस्ट २००२ मध्ये २९ क्रमांकाची सर्वसाधारण शिफारस काढली. करारातला 'वंशपरंपरा' हा शब्द जातीसारख्या उतरंडीवरून होणाऱ्या भेदभावालाही लागू होतो, असे तिने निःसंदिग्ध सांगितले. भारत सरकार ते मानत नाही. २००७ सालीही त्याने समितीपुढे जुनाच पाढा म्हटला. पण कागद अस्तित्वात आहे. बीड, अंबाजोगाई, औरंगाबादच्या महाविद्यालयांतल्या मुलांनी तो कलमवार मराठीत उतरवावा. वस्तीतल्या एखाद्या अत्याचाराची फिर्याद घेऊन ठाण्यात जाताना अत्याचार कायद्याच्या प्रतीबरोबर तोही पिशवीत असावा. फौजदार विचारील, हे कुठले कागद? तेव्हा १९४६ चा आमसभेचा ठराव त्याच्यापुढे ठेवायचा. तो आपल्याच देशाने मिळवलेला आहे.